ऊन पाण्याची वीज

वडिलांचा लेख दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यातल्या एका रविवारी आमच्या दैनिकाच्या पुरवणीत पान पाचवर छापून आला. मथळा चुकीचा होता. वडील पुढच्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात वारले. मथळ्याची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, बुधवारच्या अंकात पान सातवर आली.

मी त्या दैनिकात उपसंपादक आहे. तेव्हा रविवारच्या पुरवणीची पानं माझ्याकडे होती.

वडील एका सरकारी खात्यात ड्रिलर होते. जमिनीत खोल बोअर घेऊन खालच्या दगडाचे नमुने वर काढायचं यंत्र ते चालवत. आजोबा उमरेडला हातमागावर विणत असत. वडिलांनी माग सोडला आणि एकोणिसाव्या वर्षी खलाशी, म्हणजे यंत्रावरचा मदतनीस, म्हणून खात्यात लागले. नोकरीची बहुतेक वर्षं कोळशाच्या शोधात गेली. उमरेड, वणी, चंद्रपूर, पुन्हा उमरेड. एकच काम वेगळं होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ, एका नाल्याच्या काठी गरम पाण्याचा झरा आहे. त्या झऱ्याखाली किती उष्णता आहे आणि तिच्यावर वीज होईल का, हे पाहण्यासाठी तिथे एक बोअर घ्यायचं ठरलं. वडील त्या बोअरवर दोन हंगाम होते.

मी चौथीत असताना दिवाळीच्या सुट्टीत आई मला घेऊन आठ दिवस तिथे गेली. तीन तंबू, यंत्र, दगडाच्या नमुन्यांच्या लाकडी पेट्या आणि नाल्यापलीकडे गाव. गावातल्या बाया सकाळी झऱ्यावर धुणं घेऊन येत. ‘कुठे चालल्या’ विचारलं की ‘ऊन पाण्यावर’ म्हणत. आमच्या घरीही आंघोळीचं पाणी ऊनच असे. तापलेलं म्हणजे ऊन. भात ऊन, पाणी ऊन. आकाशातलं ऊन वेगळं. दोन्हींत गोंधळ होतो असं त्या वयात कधी वाटलं नाही.

बोअरमधलं तापमान मोजायची एक पद्धत होती. यंत्र चालू असताना वरून थंड पाणी आत जातं, म्हणून तेव्हाचा आकडा खोटा येतो. काम थांबवायचं, बोअर शांत होऊ द्यायचा, मग तारेला बांधलेला तापमापक ठरलेल्या खोलीपर्यंत सोडायचा, तिथे थांबायचं आणि वर ओढून वाचायचं. वडील वाचत, शेजारी बसलेला खलाशी वहीत लिही. हा खलाशी वडिलांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान होता आणि त्यांना भाऊ म्हणे. एका सकाळी त्याने वही माझ्या मांडीवर दिली.

वडिलांनी तापमापक डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, “सेहेचाळीस.”

मी सहा आधी ऐकला आणि सहा आधी लिहिला. ६४.

खलाशाने वहीत डोकावून पाहिलं. “भाऊ, पोरीनं तं एका मिन्टात अठरा डिग्री वाढवले गा. आता वीज पक्की.”

मी कंपासपेटीतून खोडरबर काढलं. वडिलांनी माझा हात धरला.

“खोडू नको. एक रेघ मार त्याच्यावर. एकच. खालचं वाचता आलं पायजे.”

मी रेघ मारली.

“आता वर बरोबर लिही. आन बाजूले सही कर.”

“सही काहून?”

“कोणं चुकलं ते कळाले पायजे. सही केली का माणूस दुसऱ्या बारीले पाहून लिहिते.”

मी माझी शाळेतली पूर्ण नावाची सही केली. तिच्याखाली वडिलांनी त्यांची आखूड सही केली. वहीचा नियम तसाच होता: चूक करणाऱ्याची एक सही, चूक पाहणाऱ्याची दुसरी. चूक करणारा दुसऱ्या पाळीत गेलेला असेल तर पाहणारा आपली सही करी आणि त्याच्यासाठी एक बारीक रेघ आखून तिच्याआधी त्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहून ठेवी. तो कामावर आला की रेघेवर सही करी. त्याला कोणी काही बोलत नसे. मी त्या आठ दिवसांत अशा तीन रेघा पाहिल्या. तिन्ही भरल्या गेल्या होत्या.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी वरून काम थांबवण्याचा आदेश आला. मंजूर खोली पूर्ण झाली होती. बोअरला झाकण बसवलं गेलं आणि यंत्र पुन्हा कोळशाच्या पट्ट्यात गेलं. शेवटच्या मोजणीत तळाशी तापमान अजून वाढतच होतं. वडिलांच्या बोलण्यात हे वाक्य घरी वर्षानुवर्षं येत असे आणि आम्ही ते ऐकून घेत असू.

निवृत्तीनंतर आई-वडील मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहू लागले. मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या अलीकडे राहते. वडिलांना फुप्फुसाचा आजार होता. जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबत आणि तिथल्या खिडकीतून काहीतरी पाहत असल्याचं दाखवत.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये पुरवणीसाठी विजेवर एक पान ठरलं. मी वडिलांना म्हटलं, तुम्ही लिहा. ते म्हणाले, मले कुठं लिहिता येते. मग अकरा दिवस लिहीत होते. रेघांच्या कागदावर, पेन्सिलने, कागदाच्या एकाच बाजूला. वाचकाला काय कळणार नाही ते मी विचारायचं आणि त्यांनी सांगायचं, असं आमचं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठरलं. आई समोर मेथी निवडत बसलेली असे.

“पाणी गरम होतं कशाने?” मी विचारलं.

“दगडानं. जमिनीत जसं खाली जावं तसा दगड तापत जाते. साध्या जागी किलोमीटरभर खाली गेलं का पंचवीस-तीस अंश वाढते. काही ठिकाणी त्याहून जास्त. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरते, तापते, आन दुसऱ्या भेगेतून वर येते. तो झाला आपला झरा.”

“आणि वीज?”

“कोराडीत काय करतात? कोळसा जाळतात, पाण्याची वाफ करतात, वाफेनं चक्र फिरवतात. इथं बी चक्र तेच, वाफ तीच. फक्त चूल खाली हाये. आन ती आपण पेटवली नाही.”

“म्हणजे विझवता बी येत नाही,” आई म्हणाली. “आमच्या गॅससारखी नाही.”

“पाणी तेवढं गरम नसलं तर?”

“तवा वाफ नाही होत. मंग ते ऊन पाणी नळीतून न्यायचं, आन शेजारच्या नळीत असा द्रव ठेवायचा का जो कमी तापमानाले उकळते. पाण्यानं त्याले तापवायचं. त्याची वाफ चक्र फिरवते. पाणी आन तो द्रव एकमेकांत मिसळत नाही.”

“आणि वापरलेलं पाणी?”

“परत. दुसरा बोअर घ्यायचा आन थंड झालेलं पाणी त्याच्यातून खाली सोडायचं. ते पुन्हा तापते. नुसतंच काढत बसलं तर दाब जाते, झरा बी जाते. एका हातानं घ्यायचं, दुसऱ्या हातानं द्यायचं. तवा ते पुरते. सूर्य मावळला, ढग आले, त्याले काही फरक नाही.”

“मग आपल्याकडे का नाही?”

वडिलांनी पेन्सिल खाली ठेवली. “खोल बोअर घ्याले खर्च लागते, आन खाली काय सापडन ते आधी सांगता येत नाही. दगडात भेगा नसल्या तं पाणी फिरत नाही. पाण्यासंग वायू येतात, क्षार येतात, पाइपात थर बसतात. हे बी लिहितो मी. नुसतं चांगलं चांगलं नाही लिहायचं.”

त्यांनी ते लिहिलं. लेखाचं शेवटचं वाक्य होतं: ‘काम थांबले तेव्हा तळाशी तापमान वाढतच होते, एवढेच मला खात्रीने सांगता येते.’ वर मथळा होता: ‘ऊन पाण्याची वीज’.

बुधवारी मी लेख संपादित केला. त्यांनी दोन ठिकाणी ‘भूऔष्णिक’ हा पुस्तकी शब्द लिहिला होता. नागपुरात औष्णिक म्हणजे कोराडी, म्हणजे कोळसा. वाचकाचा घोटाळा होईल म्हणून मी दोन्ही ठिकाणी त्यांचाच ‘ऊन पाण्याची’ हा शब्द टाकला. बाकी लेखाला हात लावावा लागला नाही. मथळाही तोच ठेवला.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला पान पाचवर एक जाहिरात आली. चार कॉलमांचा लेख दोन कॉलमांत बसवावा लागला. मजकूर बसला. मथळा एका ओळीत बसेना. त्या दिवशी माझ्याकडे सहा पानं होती. मी मथळ्यातून मधला शब्द काढला. ‘ऊनची वीज’ हे व्याकरणात बसत नाही, म्हणून ‘उन्हाची वीज’ केलं. त्याला मला काही सेकंद लागले असतील. लेख मी बुधवारी वाचला होता. शुक्रवारी मी फक्त मथळा वाचला.

पान लावणाऱ्याने मथळा पाहून छायाचित्रांच्या साठ्यातून छतावरच्या सौर पट्ट्यांचं छायाचित्र घेतलं. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने मथळा आणि छायाचित्र पाहून लेखकाच्या नावाखाली ‘सौर ऊर्जेचे अभ्यासक’ अशी ओळ टाकली. छापून काढलेलं पान माझ्यासमोर आलं. मी त्याच्या कोपऱ्यात सही केली आणि ते पुढे गेलं.

रविवारी सकाळी साडेसातला मी वडिलांकडे गेले. आईने पुरवणीचे चार अंक आणवले होते. वडील खुर्चीत बसले होते आणि पान पाच त्यांच्या हातात होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“फोटो बरा हाये,” ते म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. चूक मला तेव्हा दिसली.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “मथळा कोणं बदलला?”

“डेस्कवर बदलतात, बाबा. जागा कमी पडली की.”

“हं,” ते म्हणाले.

डेस्क म्हणजे मी, हे मी सांगितलं नाही.

दहाच्या सुमाराला तो खलाशी, आता निवृत्त होऊन हिंगण्याला राहणारा, फोनवर आला. वडिलांनी स्पीकर लावला होता.

“काहो भाऊ, तुम्ही सोलर कवापासून लावून राहिले? आमाले सांगतलं नाही.”

“आतला मजकूर वाच ना गा.”

“वाचला ना. आत तं आपला झरा हाये. वर सोलर, खाली झरा. म्हंजे पाणी वरूनच तापवून राहिले वाटते. आमी उगाच दोन वर्षं भोक पाडलं.”

वडील हसले. हसताना खोकला आला आणि आईने फोन घेतला.

आठवड्याच्या आत दुरुस्ती देता आली असती. आमच्या दैनिकाची पद्धत अशी आहे की, दुरुस्ती छापायची तर एका वहीत नोंद करावी लागते: चूक काय, बरोबर काय, चूक कोणाची. तिसऱ्या रकान्यात नाव लिहावं लागतं. मी सोमवारी ती वही उघडली नाही. मंगळवारीही नाही. पुढच्या रविवारची पानं आली.

आईने लेखाचं कात्रण प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं आणि घरी येणाऱ्यांना ती ते दाखवी. ती लेख शेवटपर्यंत वाचत नसे. डोळ्यांना त्रास होतो म्हणे. ती मथळा वाची आणि छायाचित्र दाखवी. डिसेंबरमध्ये इमारतीच्या रहिवाशांनी छतावर सौर पट्ट्या बसवायचं ठरवलं. सेक्रेटरी घरी आले.

“काका, तुम्हाला कमिटीत घ्यायचं आहे. पेपरात वाचलं आम्ही. आपल्याच बिल्डिंगमध्ये एक्स्पर्ट आहे म्हटलं.”

“माझं काम जमिनीखालचं होतं,” वडील म्हणाले.

“हो ना. अर्थिंग पण बघावं लागेलच.”

वडील बैठकीला गेले. पट्ट्या कोणत्या दिशेला लावायच्या, यावर दोन तास वाद झाला. एकाने त्यांना विचारलं, दक्षिणेकडे ना काका? त्यांनी दक्षिणेकडे म्हणून सांगितलं. ते बरोबर होतं. त्यानंतर जिन्यात भेटणारे लोक त्यांना सोलरवाले काका म्हणू लागले. ते उत्तर देत. मी हे तीन-चार वेळा ऐकलं.

एप्रिलच्या शेवटी श्वासाचा त्रास वाढला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना धंतोलीला दाखल केलं. दोन खाटांची खोली होती. शेजारच्या खाटेवर वणीहून आलेले एक गृहस्थ होते आणि त्यांची बायको दिवसभर तिथेच बसे. तिची आणि आईची लगेच ओळख झाली. वणी म्हटल्यावर आईने सांगितलं की, यांनी तिथे किती वर्षं काम केलं.

“खाणीत होते का?”

“नाही, ड्रिलिंगले. पण ह्यायचा पेपरात लेख बी आला होता, वं. मोठा. फोटोसगट.”

“हो? कशावर?”

“सोलरवर,” आई म्हणाली.

वडिलांच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. त्यांनी आईकडे पाहिलं, मग छताकडे. मी खाटेच्या पायाशी उभी होते.

शेजारची बाई म्हणाली, “आमच्या जावयानं बी लावलं. बिल नाही येत म्हणते.”

“येतच नाही,” आई म्हणाली.

दुपारी आई जेवायला खाली गेली. वडिलांनी मला हाताने जवळ बोलावलं. नळीमुळे ते थांबत थांबत बोलत होते.

“तेवढं दुरुस्त करून टाक.”

“काय, बाबा?”

“मथळा. पूर्ण लेख नको. एक रेघ. वर बरोबर शब्द. तुमच्यात तसं असते ना?”

“असतं.”

“माझ्यामागं लोक सोलर म्हणतीन. आपण ते काम नाही केलं. ज्यायनं केलं त्यायचं ते हाये.” ते थांबले. “आपण खाली गेलो होतो.”

मी म्हटलं, करते. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने डोळे न उघडता विचारलं, “कवा येईन ते पेपरात?”

“बघते. याच आठवड्यात.”

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी मला बाहेर बोलावून सांगितलं की, दिवस मोजके आहेत. किती, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी संपादकांच्या खोलीत गेले.

“ऑक्टोबरमधली चूक आहे,” मी म्हटलं. “दुरुस्ती द्यायची आहे.”

“सात महिन्यांनी? वाचकाची तक्रार आहे?”

“लेखकाची.”

“लेखक आता जागा झाला?”

“लेखक माझे वडील आहेत. धंतोलीला दाखल आहेत.”

त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. “चूक कोणाची?”

“माझी.”

“वहीत लिहिलंत?”

“लिहिते.”

“लिहा. तीन ओळी द्या, जास्त नको. मंगळवारच्या अंकात घेऊ. पान सात.”

मी वहीत नोंद केली. पहिल्या रकान्यात ‘उन्हाची वीज’, दुसऱ्यात ‘ऊन पाण्याची वीज’, तिसऱ्यात माझं नाव. मग तीन ओळी लिहिल्या. त्या लिहायला मला दुपारचा बराच वेळ लागला.

सोमवारी सकाळी मी त्या वडिलांना वाचून दाखवल्या: ‘ऑक्टोबर महिन्यातील रविवार पुरवणीत पान पाचवरील लेखाचा मथळा “उन्हाची वीज” असा छापला गेला. तो “ऊन पाण्याची वीज” असा वाचावा. लेख सौर ऊर्जेवर नसून भूगर्भातील उष्णतेवर आहे. सोबतचे छायाचित्र व लेखक-परिचय चुकीचे होते.’

“पुन्हा वाच,” ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

“‘छापला गेला’,” ते म्हणाले. मग बराच वेळ श्वास घेत राहिले. “ठीक हाये. उद्या येईन?”

“उद्या.”

चूक कोणी केली, हे त्या तीन ओळींत नव्हतं. दुरुस्तीत नाव छापण्याची पद्धत नाही. अंक हातात आला की त्यांना सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

सोमवारी संध्याकाळी पान सातवर शेवटच्या क्षणी एक जाहिरात आली. दुरुस्ती एक दिवस पुढे गेली. मी रुग्णालयात होते. मला कोणी कळवलं नाही. तसं कळवण्याची पद्धतही नाही.

मंगळवारी सकाळी आईने रुग्णालयासमोरच्या टपरीवरून अंक आणला. मी पान सात उघडलं. दोनदा पाहिलं. मग पान सहा आणि आठ पाहिलं.

“नाही आलं?” वडिलांनी विचारलं.

“जाहिरात आली असेल, बाबा. उद्या येईल.”

“येईन उद्या,” ते म्हणाले.

त्यांनी पाणी मागितलं. आईने चमच्याने दिलं. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना तपासणीसाठी नेण्यात आलं आणि खोलीत आम्ही तिघंच राहिलो. मी त्यांचा हात धरला. हात थंड होता. आईने पायांवर आणखी एक चादर घातली. साडेनऊच्या सुमाराला ते काहीतरी म्हणाले. मी खाली वाकले. आईला ते ‘ऊन लागते’ असं ऐकू आलं आणि ती खिडकीचा पडदा ओढायला उठली. मला ‘ऊन’ एवढंच ऐकू आलं. त्यांना पडदा हवा होता की चादर, की आणखी काही, हे सांगता येणार नाही. त्यानंतर ते बोलले नाहीत. दहा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांनी वेळ लिहिली.

अंत्यसंस्कार त्याच दिवशी संध्याकाळी झाले. हिंगण्याहून तो खलाशी आला होता. तो माझ्याशी बोलला नाही, आईजवळ जाऊन म्हणाला, “वहिनी, त्या बोअरवर भाऊ झाकण बसवू देत नव्हते. अजून दोन दिवस द्या म्हणे. खाली वाढून राहिलं म्हणे.” आईने मान हलवली. मग तिने विचारलं, “कोणता बोअर?”

बुधवारच्या अंकात पान सातवर, तिसऱ्या कॉलमाच्या तळाशी, तीन ओळी आल्या. जसं लिहिलं होतं तसंच. त्याच पानावर दुसऱ्या कॉलमात निधनवार्ता होत्या. वडिलांची निधनवार्ता कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने केली होती. त्यात त्यांचं वय, पत्ता आणि मागे कोण कोण आहे ते होतं. कामाबद्दल काही नव्हतं. त्याने नंतर मला सांगितलं की, जुन्या अंकात शोधलं तर सौर ऊर्जा सापडली आणि निधनवार्तेच्याच पानावर दुरुस्तीही लागत होती. तेव्हा काय लिहावं ते न कळून त्याने ते वाक्यच काढलं.

मी तो अंक आईला दिला आणि तीन ओळी वाचून दाखवल्या.

“म्हंजे सोलर नव्हतं?” आई म्हणाली.

“नव्हतं.”

“मंग मले सांगतलं काहून नाही?” तिने अंकाची घडी घातली. “मी साऱ्या गावाले सोलर सांगत फिरली. ते आयकत बसले.”

तेराव्यानंतरच्या रविवारी आईने कपाटातली वडिलांची खाकी फाइल मला दिली. कागद पाहून घे, काय ठेवायचं ते ठेव, म्हणाली. फाइलमध्ये निवृत्तीचं पत्र होतं, खात्याचं जुनं ओळखपत्र होतं, आणि त्या बोअरच्या तापमानाच्या नोंदींची कार्बन प्रत होती. तिच्या चौथ्या पानावर ६४ हा आकडा होता, त्यावर एक रेघ, वर ४६, आणि बाजूला माझी शाळेतली सही. शेवटच्या पानावर शेवटच्या मोजणीचा आकडा आधीच्या मोजणीपेक्षा जास्त होता.

नोंदींच्या खाली लेखाचं कात्रण होतं. आईचं प्लास्टिकमधलं नव्हे; दुसरं. ते कात्रीने नव्हे, पट्टी धरून फाडलेलं होतं. मथळ्यातल्या ‘उन्हाची’ या शब्दावर पेन्सिलची एक रेघ होती. खालचा शब्द वाचता येत होता. वर त्यांच्या अक्षरात ‘ऊन पाण्याची’ असं लिहिलं होतं. ‘सौर ऊर्जेचे अभ्यासक’ या ओळीवरही एक रेघ होती. वर काही लिहिलेलं नव्हतं. छायाचित्राला त्यांनी हात लावला नव्हता.

समासात त्यांची आखूड सही होती आणि तारीख होती. तारीख लेख छापून आला त्या रविवारची होती.

सहीखाली पट्टीने आखलेली एक बारीक रेघ होती. तिच्याआधी माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलेलं होतं. रेघ कोरी होती.